सकाळचा आकडा

ता. ३ फेब्रुवारी

ती. शिवणमावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून सविस्तर लिहिते. मला सातवा महिना लागला. गरोदरपणात होणारा मधुमेह झाला आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाळंतपणानंतर बहुतेकींचा तो जातो म्हणे. दुसरी कुणी असती तर रडली असती. मी विचारलं, दुकानात जायला हरकत नाही ना.

दिवसा साखर शहाण्यासारखी वागते. जेवणानंतर मी चष्म्याच्या दुकानात मागच्या बेसिनपाशी स्वतःच बोट टोचते आणि आकडा बरोबर येतो. घोडं अडतं ते सकाळी. उपाशीपोटीचा आकडा पंच्याण्णवच्या आत हवा, तो कधी एकशे वीस, कधी एकशे तीस. पहाटे शरीर आपणहून साखर सोडतं, काहींच्या बाबतीत जरा जास्तच, असं बाई म्हणाल्या. आता रात्री झोपताना इन्सुलिन घेते आणि डोस चढतोच आहे. तरी सकाळ ऐकली नाही, तर दवाखान्यात ठेवून दिवस भरायच्या आधीच बाळ बाहेर काढावं लागेल. मागचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे त्या अगदी हळू बोलत होत्या. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होते.

सकाळचं टोचणं माझ्याकडे नाही. पहिल्या दिवशी मी सुई हातात धरून नुसतीच बसून राहिले, तेव्हापासून ते काम तुझ्या जावयाने घेतलं. बेकरीतून पहाटे येतो, पलंगाच्या कडेला बसतो, खांद्यावरच्या फडक्याने माझं बोट पुसतो, टोचतो आणि आकडा सांगतो. मी डोळेही उघडत नाही.

आणि तू विचारलंस म्हणून, नाही, काही शिवू नकोस. मागचं झबलं ट्रंकेत आहे, तुझ्या इस्त्रीसकट.

लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
ठकी


ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तूच बसवून दिलेल्या काचा आहेत, त्यामुळे चुकीचं वाचलं असं म्हणायलाही जागा नाही.

रागावू नकोस, पण एक विचारते. दिवसा शहाणी असणारी साखर सकाळीच कशी बिघडते? घरात बेकरीवाला नवरा, म्हणजे दुधाशेजारी मांजर. लहानपणी माझ्या डब्यातली साखर खाऊन तू तोंड पुसून यायचीस, पण हनुवटी पुसायची विसरायचीस. पहाटे जाग येत असेल, डबा समोर असेल, एखादा तुकडा तोंडात जात असेल. गेला तर गेला, पण डॉक्टरीणबाईंना खरं सांग. डॉक्टरपासून आणि शिंप्यापासून अंग लपवलं की माप चुकतंच.

माझ्या शेजारच्या परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, रात्री घाबरून उपाशी झोपू नकोस, बाईंना विचारून मूठभर दाणे खात जा, आणि जेवणानंतर घरातल्या घरात का होईना, फेऱ्या मार. चालतेस की नाही? की दुकानात स्टुलावर बसून दुनियेला नजर वाटतेस आणि आपल्याकडे बघत नाहीस?

तुला कशाचं काही वाटत नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण मला दिसलं. मला मात्र वाटलं, आणि फार वाटलं. शिवणाचं नाव काढणार नाही. कापड आणून ठेवलं आहे, एवढंच सांगते.

माझा लोभ तुला वेगळा मागावा लागत नाही.

तुझी,
मावशी


ता. १५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

नाही गं, मी खात नाही. डॉक्टरीणबाईंनीही हेच विचारलं, त्यांनी फक्त हनुवटी काढली नाही. दाणे खाते, फेऱ्या मारते. आज सकाळी एकशे चौतीस. डोस पुन्हा वाढला. येत्या तपासणीला दवाखान्यात राहण्याच्या तयारीने या, असं सांगितलं आहे. पिशवी भरायला घेतली आणि मग काय भरायचं ते सुचेना, म्हणून तशीच ठेवली.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. पलंगाशेजारच्या तिपाईवर मुंग्या लागतात. साखर मोजायच्या मशीनच्या डबीला, तिच्या कापडी पिशवीला आणि माझ्या चादरीच्या त्या बाजूच्या कडेला. पुसलं की जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. आजोबांचा मधुमेह आधी मुंग्यांना कळला आणि मग डॉक्टरांना, असं तूच सांगायचीस. म्हणजे माझंही त्यांना कळलं. माझ्यात इतकी साखर असेल, तर आतल्याचं काय होत असेल?

हे लिहिताना काहीतरी वाटायला हवं होतं. टोचून टोचून बोटांची टोकं निबर झाली आहेत, तसंच सगळं आहे. बाळ हलतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या जावयालाही नाही. हललं की मी हातातली काच पुसत राहते.

तुला काळजी वाटेल असं लिहिलं, पण खोटं लिहिलं तर तुला लगेच कळतं.

लोभ असू दे, उत्तराची घाई नाही.

तुझी,
ठकी


ता. १६ फेब्रुवारी

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिला न सांगता लिहितो आहे, त्याची क्षमा असावी. तिने तुम्हाला काय लिहिलं ते माहीत नाही, पण हे लिहिलं नसेल.

काल पहाटे मी आलो तेव्हा ती घामाने भिजली होती आणि हात थरथरत होते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही. मी आकडा घेतला, तो एकशे चौतीस होता. साखर जास्त आहे म्हणून मी तिला काही खायला दिलं नाही, नुसतं पाणी दिलं. नाश्ता पोटात गेल्यावर ती आपोआप बरी झाली. हे मला समजत नाही. परवाही असंच झालं होतं.

मी माझ्याकडून वेळ चुकवत नाही. आमचं शेवटचं काम केकवर पिठीसाखर चाळण्याचं. ते आटोपलं की एप्रनही न काढता धावत घरी येतो. तिची झोपही मोडत नाही. माझ्या हातून एवढंच होण्यासारखं आहे. ती माझ्याशी भांडत नाही, हे मला बरं लक्षण वाटत नाही. पूर्वी ती मीठ कमी पडलं तरी भांडायची.

तुम्ही आलात तर बरं होईल. तुमची माया आहेच, तिच्या भरवशावर लिहिलं.

आपला नम्र,
जावई


ता. २० फेब्रुवारी

चि. ठकीस आणि तिच्या नवऱ्यास,
दोघांना अनेक आशीर्वाद.

घामाचं वाचल्याबरोबर शेजारच्या परिचारिकेकडून तुम्हाला फोन करवला. ती जे ओरडली, ते माझ्याच वतीने. घाम आणि थरथर म्हणजे साखर उतरली होती, चढली नव्हती. आज रात्रीच्या सुईआधी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगा, असं तिने बजावलं आणि तुम्ही ऐकलंत, म्हणून मी आज शांतपणे लिहू शकते.

मग मी तुमची दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून बसले. ठके, आजोबांच्या मुंग्या मोरीत यायच्या. तुझ्या मुंग्या तिपाईवर, डबीवर आणि चादरीच्या एकाच कडेला येतात. त्या कडेला कोण बसतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं आपलं. पिठीसाखर चाळलेले हात, तेच फडकं, आणि त्याने तुझं बोट पुसायचं. मग रक्ताच्या त्या थेंबात तुझं किती आणि बेकरीचं किती? दुकानात काचेला डाग नको म्हणून तू दहादा हात धुतेस, म्हणून तिथला आकडा खरा येतो, आणि इथल्या खोट्या आकड्यावर रात्रीचा डोस चढत गेला. मुंग्या तुझ्यासाठी आल्याच नव्हत्या.

उद्या सकाळी उठ, साबणाने हात धू, कोरडे कर आणि स्वतः टोच. मग एकदा त्याला नेहमीसारखं करू दे. दोन्ही आकडे बाईंना कळव. डोसला आपल्या मनाने हात लावू नकोस.

जावईबापू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एवढ्या मायेने चूक करणारा माणूस मला याआधी भेटला नव्हता. ठके, चोरून खाल्ल्याचा आरोप मी मागे घेते. हनुवटीचा राहू दे.

कुशल कळवा, तोवर मला जेवण गोड लागणार नाही.

तुमची,
मावशी


ता. २८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

धुतलेल्या हाताचा आकडा चौऱ्याहत्तर आला. त्याच्या फडक्याचा एकशे सव्वीस. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे लिहून घेतले आणि आधीचा डोस खोडला. आता डोस निम्म्यावर आहे. थोडी साखर माझी स्वतःची आहे, त्यामुळे सुई राहणार, पण सकाळ नव्वदीच्या आसपास असते. घाम येत नाही. वेळेआधीचं नाव आता त्या काढत नाहीत. दिवस भरू द्या म्हणाल्या.

तुझा जावई मात्र बिघडला. दोन आकडे बघून स्वयंपाकघरात गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. त्यानंतर पहाटे दारातूनच विचारायचा, किती आला. आत यायचा नाही. मी सांगायचे आणि तो मान हलवून जायचा. दोन-तीन दिवस मी तसंच चालू दिलं. मग पलंगाची ती बाजू मोकळी बघवेना. मी म्हटलं, हात धुऊन ये आणि बस. दारातून टोचता येत नाही.

तो आला. हात इतके गार होते, की निबर बोटालाही लागले. मी डोळे उघडले. मी समजत होते, तो मशीनकडे बघत असेल. तो माझ्याकडे बघत होता, रोज बघत असावा. तेवढ्यात बाळ हललं, म्हणून मी त्याचा हात तिथे ठेवला आणि सांगितलं, की हे पुष्कळ दिवस चाललं आहे. आधी का सांगितलं नाहीस, असं त्याने विचारलं नाही. हात मात्र काढला नाही, गारच ठेवला. त्यावर मी भांडले.

मला अजून फार काही वाटतं असं नाही, मावशी. उगाच खोटं कशाला लिहू? पण काल ट्रंक उघडली होती. मागचं झबलं तू अगदी नेमक्या मापाचं शिवलं होतंस. ते पुन्हा घडी घालून तिथेच ठेवलं.

तुझा लोभ आता दोघांना पुरवून घाल, मी वाटून घेईन.

तुझी,
ठकी

ता. क. आणून ठेवलेल्या कापडाला कात्री लाव. माप विचारू नकोस. वाढत्या अंगाचं शिव.