केतकीला देवळ्याला पाठवू नये

मी, मोहिनी किशोर निकम, वय चाळीस, धंदा शिवणकाम, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणणाऱ्यांशी माझं बोलणंच उरलेलं नाही.

१९९२ साली मानेतल्या गाठींच्या कॅन्सरवर उपचार होऊन मी बरी झाले. त्या औषधांनी आता हृदय अधू झालं आहे, म्हणून ही घाई.

१. इंदिरानगरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. तो व बँकेतली शिल्लक माझी मुलगी केतकी हिला मिळावी.

२. केतकी बारा वर्षांची आहे. माझे पती किशोर हयात नाहीत. ती सज्ञान होईपर्यंत माझी बहीण मीना सोनवणे हिने तिची पालक राहावं. देवळ्याच्या सासूबाई कमळाबाई व दीर ललित यांच्याकडे तिला देऊ नये. ते आता "आमचं रक्त" म्हणू लागले आहेत, म्हणून कारण लिहून ठेवते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन वर्षं थांबून मगच आम्ही मूल होऊ दिलं. सासूबाईंनी डोहाळजेवण केलं नाही. "काय जल्माला येतं ते आधी पाहू," म्हणाल्या. केतकी धडधाकट जन्मली. डॉक्टर म्हणाले, "औषधं बंद होऊन चार वर्षं झाली. बिनधास्त पाजा." सासूबाई म्हणाल्या, "हिच्या आंगात दवाईचं लय ईख गेलंय. लेकराला पाजायचं नाय." किशोरनी आईचंच ऐकलं. माझं दूध मोरीत गेलं आणि लेकराला बाटलीतून पाणी घातलेलं म्हशीचं दूध. जुलाब लागले, पोर सलाइनवर गेली. दोष त्या बाटलीचा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तरी गावभर झालं, कॅन्सरवालीचं पोर, असंच व्हायचं. मी तिला उचलून नाशिकला आले. किशोर मागाहून आले. सर्दीखोकल्यापलीकडे तिला आजवर काही झालेलं नाही. मी सासूबाईंना माफ केलेलं नाही.

३. शिलाई मशीन शेजारच्या हाजराबींना द्यावं. मी शिवायला बसले की केतकी त्यांच्या मांडीवर असे.

४. केतकी पाच वर्षांची, ठणठणीत दिसल्यावर सासूबाईंनी चांदीचे वाळे पाठवले. ते परत करावेत. वाळे बारशाला देतात.

५. केतकीच्या लग्नाच्या बोलण्यात माझा आजार लपवू नये. पहिल्याच भेटीत, पोहे पुढे ठेवायच्या आधी सांगावा. ऐकून जे उठतील त्यांना आग्रह करू नये. चपला घालेपर्यंत नीट बोलावं, आणि दार लावून घेतल्यावर माझी मुलगी सुटली असं समजावं.

वरचं सगळं मी स्वतः वाचून सही केली आहे.

सही: मोहिनी किशोर निकम
साक्षीदार: सावळीराम गांगुर्डे, रंगूबाई पगारे (दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या)
नाशिक, १४ नोव्हेंबर २००८