दाण्याचं कूट

फ्रीमाँट,
६ ऑक्टोबर

चि. सौ. शैलजास,
अनेक आशीर्वाद.

मी इथे अमेरिकेत नकुलकडे खुशाल आहे, गुडघाही बरा आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडण्याआधी वाच.

काल नकुल मला तैवानी खाऊच्या जत्रेला घेऊन गेला. पार्किंगच्या मैदानात तंबू ठोकलेले, आणि शिसारी यावी असा वास! एका तंबूत आंबवलेलं टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, तळत होते. तुंबलेल्या मोरीत कुणी फोडणी ओतली तर येईल तसा वास, आणि लोक रांगा लावून खात होते गं! शेजारी कोंबडीचे पाय, नखांसकट. पलीकडे बदकाच्या जिभा. मी ओढणी नाकावर गच्च दाबून चालले होते.

"आई, प्लीज, ती ओढणी काढ ना. यीटिंगचे बाबा बघतायत," नकुल म्हणाला.

यीटिंग म्हणजे त्याच्या ऑफिसातली. ऑफिसातलीच.

तिचे बाबा त्या टोफूच्या कढईमागेच उभे होते. मला पाहताच त्यांनी टेबलावरचा पंखा उलटा फिरवला आणि सगळा वास स्वतःच्या तोंडावर घेतला. मग दोन्ही हातांनी एक काडी पुढे केली. तिला काळसर वडी टोचलेली, वर भरपूर दाण्याचं कूट. माझी संकष्टी, सकाळपासून पोटात नुसता चहा. कूट पाहून मला वाटलं, मुलांनी माझा उपास लक्षात ठेवून सांगितलं असणार. दोन घास खाल्ले. चांगले लागले, हे फक्त तुला सांगते.

तेवढ्यात यीटिंग धावत आली. "आंटी, नो! डोन्ट ईट दॅट!"

डुकराचं रक्त होतं, शैलू. भातात घालून थिजवलेलं.

मी तिथेच ओकले, त्यांच्या बुटांवर. अजून जीभ घासतेय. आणि तो माणूस वाकून वाकून माझीच माफी मागत होता, माझी चप्पल पुसत होता.

गाडीत नकुल म्हणाला, "आई, मावशीचं केलंस तसं यीटिंगचं नाही ना करणार?"

मला सगळं आठवलं. तुमच्या घरचं ते पहिलं जेवण. यतीनरावांनी माझ्यासाठी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या, नव्या कढईत पुऱ्या तळल्या होत्या. आणि मी नाकाला पदर लावून, "मासळीबाजार आहे नुसता," म्हणत दारातूनच फिरले. पाणीसुद्धा घेतलं नाही. अकरा वर्षं झाली. लाज वाटते गं मला.

डिसेंबरात नकुल आणि यीटिंगचं लग्न आहे. लिहिलं बाई एकदाचं. तुम्ही दोघांनी यायचंय. पण आमंत्रण करायला आधी मला तुमच्या घरी यायचंय, महिनाअखेरीस तिकडे परतले की. बोंबलाचा वास मला आजही सोसणार नाही, खोटं कशाला बोलू? तरी यतीनरावांना सांग, खिडक्या उघडू नका. मी जेवूनच जाईन.

दार उघडशील ना?

तुझी,
दारातून परतलेली ताई