किलोला दहा ग्रॅम

प्रिय वेदिका,

माहेरी, गंगापूर रोडला, बरी आहेस ना? फोनवर माझा आवाज ऐकला की तू ‘बरंय’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे सातवी पास अक्षर. सासूचं पत्र आलं म्हणून हसू नकोस.

इगतपुरीचा पाऊस तुला ठाऊकच आहे, पापडसुद्धा मऊ पडलेत. पण शेडमधले मशरूम झकास आलेत. कापल्यावर उरलेले देठ मी आता फेकत नाही. तू शिकवलंस तसे चुलीवर कडक वाळवते, मिक्सरमधून काढते आणि शेततळ्यातल्या माशांच्या खाद्यात ती भुकटी कालवते. किलोला दहा ग्रॅम, तुझ्याच काट्यावर मोजून. दरवर्षी या दिवसांत रोहूंच्या अंगावर लाल चट्टे उठायचे. परवा जाळं टाकून पाहिलं, एकालाही नाही! बादली वाजली की असे उसळतात की हिरामणभावजी म्हणाले, वहिनी, मासे पाळलेत का पोरं? शेखर मात्र काठावर नुसता बसून असतो. बायकोविना धड जेवतही नाही.

जेवणावरून आठवलं. तू नवी नवरी असताना नको नको म्हणत होतीस, तरी मी पाच पुरणपोळ्या खाऊ घातल्या. दोन दिवस ओवा चघळत होतीस बिचारी. माझा हातच तसा गं, कोणाला कमी वाढणं जमतच नाही.

तोच हात नडला. आषाढात तू दोन दिवस नाशिकला गेलीस, तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा भुकटीनं कोणाचं पोट भरतं? ओल्या देठांच्या दोन पाट्या तळ्यात ओतल्या. देठ कुजले, पाणी नासलं. तू आलीस त्याच दिवशी निम्मे मासे उलटे तरंगले. ओट्यावर सगळे तुझ्या भुकटीला नावं ठेवत होते, शेखरही नाही नाही ते बोलला. आणि मी मेली पदराला हात पुसत गप्प उभी राहिले. तू बॅग भरलीस, तरी गप्पच.

काल त्याच ओट्यावर, त्याच माणसांसमोर मी सगळं सांगून टाकलं. शेखरच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पत्र घेऊन तोच तुझ्या दारात उभा असेल. त्याला आत घ्यायचं की नाही, तू ठरव. चुकले गं पोरी. आलीस तर पुरणपोळ्या करीन, पण तू ‘पुरे’ म्हणालीस की हात आवरीन.

तुझीच,
आई