तंबूतली अंबाडी

रविवार, १२ ऑक्टोबर २००८

पहिल्यांदा आली ती मंदा. खालच्या मजल्यावरची, शेक्रेटरीची बायको. हातात खोबऱ्याचं भांडं. म्हणे आमचा मिक्सर बिघडलाय, जरा वाटून द्या. खोबरं ऱ्हायलं बाजूला, बाईची नजर सारखी आतल्या खोलीच्या दाराकडं. दाराखालनं जांभळा उजेड येतो न्हवं का.

"आज्जी, आत काय हाय वो? पहाटं रस्त्यावरनं बघितलं की डान्सबार असल्यागत दिसतंय."

म्हटलं ये, बघ. मी काय चोरी केलीया व्हय. तंबूची चेन वडली. तिनं वाकून बघितलं आन् तशीच वाकलेली ऱ्हायली.

"अगं बाई. ही तर ती."

"कुठली ती?"

"ती वो. गोसावी चिलमीत घालत्यात ती."

मला एवढं हसू आलं की खोकलाच लागला. अगं अंबाडी हाय ती, भाजीची अंबाडी. पानाला बोटं फुटल्यात म्हणून काय गांजा झाला का. पण बाई थांबली न्हाय. भांडं हितंच टाकून गेली. खोबरं वाटून ठेवलंय, न्यायला आली न्हाय.

ती गेली आन् घटकाभरात आणखी दोघी आल्या. एकीला कडीपत्ता पाहिजे होता. दुसरीनं काय निमित्तच काढलं न्हाय, सरळ म्हणाली बघायला आलोय. मला ते आवडलं. तिला चहा दिला.

तंबू आमच्या मनीचा. मनी म्हणजे माझी नात. इंजिनेरिंगला होती तवा कॉलेजात दाखवायला केलता. कपाटाएवढा. आतनं चांदीगत चकचकीत कापड, वर लाल-निळं बारकं दिवं, एलईडी म्हणत्यात. हात लावला तरी पोळत न्हाय. मनी पुण्याला नोकरीला गेली, तंबू मला ऱ्हायला. राजारामपुरीत फ्लॅट हाय, गॅलरी हाय, पण समोर बिल्डिंग झाली आन् सगळं ऊन तिनं खाल्लं. मग काय करायचं. ऊन घरात आणलं.

मनीच म्हणाली रोज लिहीत जा आज्जी, रात्रीच्या वर्गात शिकलेलं विसरशील. वर म्हणती गेलो-आलो नको, बाईनं गेले-आले लिहायचं. आमच्याकडं बाया गेलो-आलोच म्हणत्यात. मी गेले असं लिहिलं की मेल्यागत वाटतं. न्हाय लिहिणार.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पौर्णिमा. विहारात गेलतो. वर्षावासाचं, पावसाळाभर चालणारं ग्रंथवाचन आज संपलं. रोज संध्याकाळी जायची सवय लागलीती, आता उद्यापासनं करमणार न्हाय.

येताना सगळा जिना माझ्याकडं बघत होता. मी बी बघितलं.

मंदाचं खोबरं आंबाय लागलं. त्याची चटणी करून आम्हीच खाल्ली. भांडं घासून ठेवलंय.

खरी काळजी येगळीच हाय. ती जिन्यातल्या कुणाला सांगून उपेग न्हाय म्हणून हितं लिहितो. झाडं डोक्याएवढी झाली, तंबूच्या छताला टेकून वाकली, पण कळी न्हाय. अंबाडी दसऱ्याच्या आसपास फुलते. दसरा झाला. फूल न्हाय तर बोंड न्हाय, बोंड न्हाय तर बी न्हाय.

आन् बी एवढंच होतं. माझ्या आईनं मुरगूडला बांधावर लावलेली ही अंबाडी. लाल देठाची, आंबट पण तोंड न कातरणारी. बाजारात मिळती ती ही न्हवं. आई गेली, भावानं सगळा ऊस केला, बांधावर तणाचं औषध मारलं, अंबाडी संपली. माझ्या ट्रंकेत आईच्या लुगड्याच्या चिंधीत पुरचुंडी होती तेवढीच. सगळं बी पेरलं. जुनं झालतं, चारच उगवली. ह्या चौघींनी बी धरलं तर आईची अंबाडी हाय. न्हायतर झालं.

म्हणून तर दिवा रातदिस चालू ठेवलाय. मुंगीएवढं सुद्धा ऊन कमी पडू द्यायचं न्हाय. तरी का रुसल्यात कळंना.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

शेक्रेटरी आला. दारातच उभा.

"आजी, सोसायटीत असलं काही चालत नाही."

"भाजी चालत न्हाय?"

"भाजी जमिनीत लावतात. तंबूत दिवे लावून कोण लावतं? टीव्हीवर दाखवतात ते बघतो आम्ही."

"मग टीव्हीवाल्यास्नीच बोलवा. मी तोंड धुवून बसतो."

ह्यो माणूस पहिल्यापासनं असाच. आम्ही फ्लॅट घेतला तवा बाळूला, म्हणजे माझ्या पोराला, विचारलंतं, तुमच्यात गॅलरीत बोकड-बिकड कापत्यात का. बाळू म्हणाला आम्ही बौद्ध हाय, आमची आई विहारात जाती. तर ह्यो आणखीच गप्प झाला. आता बरं सापडलंय त्याला. खालच्या मजल्यावर कुणी कुंडीत निवडुंग लावला तर शोभा, आमी अंबाडी लावली तर गांजा.

बाळू शिरोलीस्नं शिफ्ट करून आला. त्याला सगळं सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "आई, उपटून टाक की. बाजारातनं जुडी आणून देतो."

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली न्हाय. त्यानं उठून घेतली.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज चोर सापडला.

विहारातलं वाचन संपलंय, म्हणून संध्याकाळी घरातच. मी भाईरच्या खोलीत निजतो-बसतो, आतल्या खोलीत मनी गेल्यापासनं कुणी न्हाय, नुसता तंबू. उजेड डोळ्यावर येऊ नये म्हणून रातचं दाराखाली पायपुसणं असतं. दिवेलागणीला सू. आत गेली. (सू. म्हणजे सूनबाई. एवढं मोठं रोज लिहायला बोटं दुखत्यात.) मी मागोमाग. बघतो तर बाईनं बटण बंद केलं.

"काय गं?"

दचकली. मग धीट झाली. सू. दवाखान्यात कौंटरवर बसती, दिवसभर लोकांशी बोलून तोंड तयार हाय.

"आत्ती, मी गणपती गेल्यापासून रोज बंद करतेय. तुम्ही विहारात जाता तेव्हा. सकाळी उठले की परत लावते."

"कशापायी?"

"मला दवाखान्यात विचारायचे, तुमच्याकडे रात्री जांभळं-जांभळं काय असतं? आमचा कंपाउंडर तर विचारायचा, तिकीट आहे का. मी काय सांगू त्यांना?"

"सांगायचं, सासूनं दिवा लावलाय."

"तुम्हाला सांगून ऐकता का तुम्ही?"

मला लई राग आला. एवढे दिवस माझ्या लेकरांस्नी अंधारात कोंडलं आन् मला विचारलं न्हाय. म्हणूनच कळी धरत न्हाईत, तुझ्यामुळं आईचं बी जाणार, असं मी बोललो. तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी बघितलं न बघितल्यागत केलं. जेवताना बाळूनं दोघींकडं बघितलं आन् लवकर झोपला, शहाणा.

मी दिवा लावून आलो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

कळी.

चष्मा पुसून परत बघितली. एक न्हाय. शेंड्याशी पानाच्या बगलेत बारीक बारीक हिरव्या, टोकदार. कालच्या-आजच्या न्हाईत, कधीच्या धरल्यात. पानाआड होत्या, मला दिसल्या न्हाईत.

मनीला फोन लावला. सगळं सांगितलं, तिच्या आईनं दिवा घालवला त्येबी. मी म्हटलं बघ, अंधारात ठेवून सुद्धा माझ्या अंबाडीनं कळी धरली. पोरगी हसत सुटली. म्हणाली, "आज्जी, ठेवून सुद्धा न्हाय, ठेवलं म्हणून. ह्या झाडाला मोठी रात्र लागते, तवाच ते फुलतं. तू दिवा चालूच ठेवला असतास तर नुसती पानं वाढली असती."

फोन ठेवला.

शेतात कुणी दिवा लावत न्हाय, हे मला कसं सुचलं न्हाय म्हणतो मी. दसऱ्याला रात मोठी होती म्हणून ती फुलायची. मी लाडानं तिची झोपच काढून घेतली आन् सू. नं लाजेनं परत दिली.

सू. ला ह्यातलं काय सांगितलं न्हाय. ती कामावरनं आल्यावर आलं घालून चहा दिला. कपाकडं बघत म्हणाली, "आत्ती, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

दिवेलागणीला मीच दिवा बंद केला. ती बघत होती.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज दोन गोष्टी. दोन्ही एकाच दिवशी व्हायला नको होत्या.

सकाळी फूल. पहिलं. पिवळसर पांढरं, मधी काळपट लाल डोळा, भेंडीच्या फुलाची थोरली बहीण. मी तंबूपुढं स्टूल घेऊन बसलो. चहा गार झाला. सू. कामावर निघता निघता आत आली, उभ्यानं बघितलं, म्हणाली छान आहे हो. तवा तिला सांगितलं, तुझ्या अंधारानं आलंय. जाताना जिन्यात गुणगुणत गेली.

जेवणं झाल्यावर बेल. पोलीस. साहेब कोवळा, मिशी अजून बसायची हाय. बरोबर हवालदार, पोट पुढं, दम लागलेला. पाठीमागं शेक्रेटरी, त्याच्या पाठीमागं मंदा.

"पावणं, चपला भाईर काढा," मी म्हटलं. बूट होते. काढले.

साहेबानं तंबू उघडून बघितला. "आजी, हे काय आहे?"

"अंबाडी."

"कशावरून?"

"मी लावली त्यावरनं. पान चावून बघा की. आंबट लागतं. गांजा काय आंबट असतोय?"

साहेब हवालदाराकडं बघाय लागला. हवालदारानं पान हातात घेतलं, वास घेतला, परत ठेवलं.

"नगं आज्जी. ड्युटीवर हाय."

मग मी म्हटलं आज सकाळीच फूल आलतं, दाखवतो. आन् बघतो तर अंबाडीचं फूल ते, दुपारपतोर मिटलेलं. गुंडाळी होऊन लोंबत होतं. मी म्हटलं बघा, आता विडीच्या थोटकागत दिसतंय पण सकाळी... ते थोटकाचं बोलायला नको होतं. साहेबाची मान लगेच वळली.

शेक्रेटरी म्हणाला, "साहेब, उपटूनच टाका. बिल्डिंगचं नाव खराब होतंय." आन् स्वतःच पुढं झाला, हात लांब करून.

सू. दुपारच्या जेवणाला घरी आलती. हातात अजून डब्याचं झाकण. मधी येऊन उभी ऱ्हायली.

"काका, आत्तींच्या झाडाला हात लावायचा नाही. साहेबांनी लावला तर लावू दे, त्यांना विचारीन मी. तुम्ही नाही."

"अगं पण तूच मंदाला म्हणालीस ना, त्या दिव्याची लाज..."

"ते आमच्या घरातलं आहे."

मी जन्मात तिच्याकडं असं बघितलं न्हवतं.

साहेब जरा वरमला. म्हणाला, सोमवारी झाडांतलं कळणारा माणूस घेऊन येतो. तोवर एक पान तोडायचं न्हाय, एक झाड हलवायचं न्हाय. त्यानं गांजा म्हटलं तर सगळं जप्त, आन् तुम्हाला चौकीवर यावं लागंल.

मी म्हटलं, "येतो की. पण तुम्ही सकाळी या. दुपारी फूल झोपतं."

"किती वाजता?"

"नवाच्या आत."

हवालदार बूट घालताना म्हणाला, चहा ठेवा आज्जी. शेक्रेटरीला ते आवडलं न्हाय.

मंदाला तिचं भांडं दिलं. रिकामं. तिनं उघडून आत बघितलं, मी हसलो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आली, जिन्यात चकलीचा वास. आमच्याकडं भाजी करायला बंदी. स्वतःच्या झाडाचं पान तोडता येत न्हाय असली दिवाळी.

काल फूल न्हाय. आज एक, गिड्ड्या झाडावर. दुपारी मिटलं. मिटलं तरी मागं बोंड धरतंय का ते बोटानं हळूच बघितलं. घट्ट लागलं. पण बी पिकायला महिना तरी पाहिजे. एवढ्यात उपटली तर हिरवं बी, उगवणार न्हाय. म्हणजे काय उपटू द्यायचं न्हाय.

बाळू म्हणाला सुट्टी काढू का सोमवारी. म्हटलं काढ. त्याला आज भाकरी वाढली.

मनीचा फोन. म्हणाली आज्जी, भिऊ नको, पान बघूनच कळंल जाणत्या माणसाला. आन् न्हाय कळलं तर? जाणता म्हणून आणलेला माणूस बी टीव्हीच बघत असला तर? मी ठरवलंय. फुललं तर फूल दाखवीन. न्हाय फुललं तर त्याच्यापुढं बसून पान चावीन, एक, दोन, पाहिजे तेवढी. चौकीवर न्हेलं तर तिथं बी सांगीन, ही माझ्या आईची अंबाडी हाय. लुगड्याची चिंधी बरोबर घेऊन जातो.

कळ्या तपासल्या. फुलायच्या आदल्या दिवशी टोकाला पिवळं दिसतं, हे आता कळाय लागलंय. एक उद्याची, नक्की. सगळ्यात उंच झाडावर एक टपोरी हाय, तिचं टोक अजून हिरवं. उद्या संध्याकाळी पिवळी झाली तर परवा फुलंल. न्हायतर मंगळवार. तिला काय बोललो न्हाय, नुसती बघून आलो.

दिवेलागणीला सू. नं स्वयंपाकघरातनं हाक दिली, "आत्ती, झोपवते हं त्यांना." आन् बटण बंद केलं.

सोमवारी येणार हायत. सकाळी, नवाच्या आत.