गाव कुठलं तुमचं

२४ नोव्हेंबर १९८६, सोमवार
ट्रेनिंग सुरू. अंधेरीत दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तीच संस्था. लहानपणी घरातल्याच माणसाने अत्याचार केला आणि आता तिशी-चाळिशीला आल्या, अशा बायकांशी कसं बोलायचं ते शिकायचं. शिकणाऱ्या दोघीच. मी आणि मरोळ गावठाणातली एथेल. शिकवायला नीलाताई.
आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे कामही नवीन. म्हणजे यातही मी पहिलीच असणार. एथेल आहे, पण ती सोबत म्हणून.
संकल्प : रोज लिहायचं. येणाऱ्या कुठल्याही बाईचं नाव लिहायचं नाही.
बाबांना सांगितलं, बायकांच्या अडचणी सोडवायचं काम आहे. म्हणाले, रेशनकार्डाच्या का? हो म्हटलं. सोपं पडलं.

२८ नोव्हेंबर
सरावासाठी नीलाताई स्वतःच क्लायंट झाल्या आणि एका बाईची गोष्ट तिच्या तोंडून सांगितली. एथेल रडली. मी नाही. तुला काय वाटलं, असं नीलाताईंनी मला विचारलं. म्हटलं, काही नाही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. असा तोल त्यांनी पूर्वी पाहिला नसावा.
आमटीत मीठ नव्हतं म्हणे. सगळे ओरडल्यावर कळलं. माझी वाटी संपली होती.

५ डिसेंबर
आज शिकवलं : समोरची थांबली की आपणही थांबायचं. काही विचारायचं नाही, पाणीसुद्धा पुढे करायचं नाही. एथेलला लगेच जमलं. तिला मुळात बोलायलाच फार सुचत नाही. मी मात्र दर वेळी मदतीला धावते. एथेल म्हणाली, तू ऐकतेस कुठे गं, तू आपली पाळी यायची वाट बघतेस.
गावठाणातली माणसं तोंडावर बोलतात. मनाला लावून घेतलं नाही. मला हल्ली काही लागतच नाही. प्रगती आहे.

९ डिसेंबर
आई म्हणाली, सुलू, लोकांच्या घरातला कित्याक ऐकूक जातस? तिला सायकॉलॉजी समजावली. तिने मधेच कुकर बंद करायला सांगितला.

१२ डिसेंबर, रात्री नऊ
पहिली खरी क्लायंट. तिला क्ष म्हणू. मुलुंडला राहते, दोन मुलं आहेत. फोनवर नीलाताईंना एवढंच म्हणाली होती, की लहानपणी घरातल्या माणसाने जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. एकदा तोंडातून काढायचं आहे, मग बघू.
नीलाताईंच्या शेजारी मी बसायचं, बोलायचं नाही, असं ठरलं होतं. क्ष रुमालाची घडी घालत बसली. म्हणाली, मी आठ वर्षांची होते तेव्हा, आणि थांबली. तेवढ्यात खालून कंपाउंडर आला, की नीलाताईंना हॉस्पिटलचा फोन आहे, तातडीचा. नीलाताई मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून गेल्या. निदान मला तसं वाटलं.
खोलीत ती आणि मी. तिचे डोळे भरलेले. माणुसकी म्हणून काही असतं. मी हळूच विचारलं, गाव कुठलं तुमचं?
आणि काय सांगू. आमच्या शेजारचंच गाव. वाडी विचारली. तीसुद्धा माहितीची. मग आडनावावरून मीच लावलं, म्हणजे तुम्ही नानांच्या पुतणी की काय. ती हो म्हणाली. मी म्हटलं, नाना म्हणजे आमच्या घरचेच. मे महिन्यात आम्ही गावी गेलो की आमच्याकडे जेवायला असतात. किती प्रेमळ माणूस.
ती म्हणाली, हो.
डोळे लगेच कोरडे झाले. नीलाताई वर आल्या तेव्हा ती पूर्ण शांत होती. मुलांची शाळा सुटेल म्हणून उठली. पाच मिनिटांत एवढा विश्वास. पुस्तकात याला महिने लागतात.

१५ डिसेंबर
नीलाताईंना म्हटलं, थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, ती मोकळी झाली. म्हणाल्या, मोकळी झाली म्हणजे काय बोलली? म्हटलं, फार नाही. पण आता बोलेल.

१९ डिसेंबर
क्ष आली नाही. मुलांच्या परीक्षा असणार.

२६ डिसेंबर
आली नाही. नाताळ. (ती हिंदू आहे. पण शाळांना सुट्टी असते, मुलं घरात.)
मी दोन्ही शुक्रवारी रिकाम्या खुर्चीसमोर तासभर बसले. कंटाळा आला नाही. काहीच आलं नाही.

२ जानेवारी १९८७
नाही. नीलाताई म्हणाल्या, अशी बाई एवढी वर्षं गप्प राहून एकदा जिना चढते. ती परत चढली नाही, तर आपल्याकडून काय झालं ते पाहायचं. माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी एथेलकडे बघितलं.

१० जानेवारी
प्लॅन तयार. आमच्या चार गावांचं मिळून मुंबईत एकच ग्रामस्थ मंडळ. इथेच भटवाडीच्या शाळेत अठराला सत्यनारायण आणि हळदीकुंकू. क्षच्या माहेरचे सगळे येतात. तिथे तिला भेटायचं. ओळखीच्या माणसांत तिला धीर येईल. नीलाताईंना आधी सांगणार नाही. परिणाम झाल्यावर सांगेन.

१८ जानेवारी, रविवार
ती आली होती. हिरवी साडी, सोबत धाकटी मुलगी. स्टेजवर खुर्चीत नाना, यंदाचे अध्यक्ष, मुद्दाम गावाहून आणलेले. तिच्या वहिनीने तिला हाताला धरून पुढे नेलं, काकांच्या पाया पड म्हणून. पडली. मुलीला मात्र पाठीमागे धरून ठेवलं. नाना म्हणाले, पोरगी लाजते वाटतं. सगळे हसले.
मी वाणाच्या रांगेत तिला गाठलं. ओळखलंत का, अंधेरीला आपण... ती म्हणाली, नाही हो. मी अंधेरीला कधी आलेच नाही. वहिनी म्हणाली, अंधेरीला काय? क्ष म्हणाली, काही नाही गं, या बाई दुसऱ्या कुणाला तरी शोधतायत.
घाईने मुलीला घेऊन गेली. वाण तसंच राहिलं, प्लास्टिकचा डबा.
नीलाताईंच्या नोट्समध्ये आहे, अशा बायकांना कधीकधी विसर पडतो. तेच असावं. उद्या सांगायला हवं.

१९ जानेवारी
सांगितलं. नीलाताई ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या नाहीत. पहिल्या दिवशी खोलीत नेमकं काय बोललीस, शब्द न् शब्द सांग म्हणाल्या. सांगितलं. गाव, वाडी, आडनाव. मग म्हणाल्या, आणि कुणाचं नाव घेतलंस?
नानांचं.
एथेलने पंखा बंद केला. का कुणास ठाऊक. थंडी नव्हती.
नीलाताई म्हणाल्या, ती कुणाबद्दल सांगणार होती ते आपल्याला माहीत नाही. तिने सांगितलेलं नाही. पण तू तिच्या घरातल्या एका माणसाला आधीच प्रेमळ ठरवून टाकलंस. आता ती काय सांगणार, आणि कुणाला?
मी म्हटलं, आमच्याकडे कुणालाही पहिल्यांदा गावच विचारतात.
म्हणाल्या, तेच तर.
बस लवकर मिळाली. घरी येऊन तांदूळ निवडले. सगळे निवडले.

२३ जानेवारी
ठरवलं की मला वाईट वाटायला हवं. बसून प्रयत्न केला. आईने विचारलं, पोटात दुखता काय गो?

३० जानेवारी
क्षचा फोन आला. येते म्हणाली. अट एकच, ती गाववाली खोलीत नको, इमारतीतही नको. नीलाताईंनी मला सुट्टी दिली. मी ती अभ्यासाची रजा म्हणून लिहून घेतली.

२ फेब्रुवारी
क्ष येऊन गेली. काय बोलली ते एथेल मला सांगणार नाही, तसा नियमच आहे. एवढंच म्हणाली, की आत आल्यावर क्षनेच आधी विचारलं, तुमचं गाव कुठलं? एथेल म्हणाली, मरोळ, कोकणात आपलं कोण नाय. मग क्ष बसली आणि सव्वा तास बोलली.
चांगलं झालं. माझ्या चुकीने सगळं थांबलं असतं. थांबलं नाही. लिहिताना हात व्यवस्थित चालतोय.

७ फेब्रुवारी
नाना उद्या आमच्याकडे जेवायला. परवा गावी जाणार. आई वडे करणार.
संकल्प : पाया पडायचं नाही. धाकट्या बहिणीला, शकुलाही पडू द्यायचं नाही, ती अकरा वर्षांची आहे. आईला कारण सांगायचं नाही, ते क्षचं आहे आणि मला खात्रीने माहीतही नाही. पण तोंडावर सांगायचं, मी पडत नाही. ग्रॅज्युएट मुलीने एवढं तरी करावं.

८ फेब्रुवारी, रविवार
शकुला सकाळीच मैत्रिणीकडे पाठवलं. एवढं जमलं.
आई म्हणाली, सुलू, पड पाया. पडले. सवयीने वाकले, मग तसंच उठता येईना. नानांनी डोक्यावर हात ठेवला.
विचारलं, काय करतेस आता? बाबा अभिमानाने म्हणाले, लोकांचं ऐकून घ्यायचं शिकते. नाना म्हणाले, मग आमचंही ऐक म्हाताऱ्याचं. देवळाच्या छपराचं सांगितलं, पुतण्यांचं सांगितलं, मंडळाला शिस्त कशी लावली ते सांगितलं. मी समोर बसून होते. विचारलं काही नाही. ते थांबले की मीही थांबले.
जाताना बाबांना म्हणाले, दत्ताराम, पोरगी हुशार हां. अशी ऐकणारी मी बघितली नाही.