कंपायलरची जागा

सोमवार, ४ मार्च
पुन्हा तेच. सकाळीच विंडोजवाल्या बाई — "अहो, तुमची स्क्रिप्ट म्हणते कंपायलर सापडत नाही." सापडेल कसा? लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम करणारा तो कंपायलर त्यांनी डी ड्राइव्हवर टाकलाय. मॅकवाल्या पंडितने — पदव्या इतक्या, की हे नाव मीच पाडलं — सिस्टिमच्या पोटात घातलाय. माझा लिनक्सवर, होम फोल्डरमध्ये, म्हणजे माझ्या खात्याच्या स्वतःच्या जागेत. जिथे असायला हवा तिथे. तीन मशीन, तीन तऱ्हा! आणि हा कंपायलर बाहेर कुठे मिळत नाही. आम्हीच ठाकूनठोकून सरळ केलेला. ज्याची प्रत त्याच्याच मशीनवर चालते, आणि तेवढीच एक.

साहेब म्हणाले, "पुढच्या मंगळवारी दवाखान्यांना आपल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती द्यायचीय. त्याआधी एक जागा ठरवा. तुम्हीच ठरवा."

तुम्हीच! बरं वाटलं.

मंगळवार, ५ मार्च
बायको — "स्वतःचा चष्मा कुठे ठेवायचा ते ठरत नाही, आणि निघालात जगाला जागा नेमून द्यायला."

गुरुवार, ७ मार्च
बैठक. मी सांगितलं — तिन्हीकडे होम फोल्डर, आत एकाच नावाचा नवा फोल्डर, लहान इंग्रजी अक्षरांत; माझीही प्रत त्यातच हलवायची. म्हणजे अ‍ॅडमिनच्या पासवर्डसाठी कोणाच्या दारात उभं राहायला नको.

बाई म्हणाल्या, "माझ्या होम फोल्डरच्या नावात स्पेस आहे. काय करू, सासरचं आडनाव गाळू?" सगळे हसले. मी नाही हसलो. नाव अवतरणचिन्हांत घातलं की चालतं, हे करून दाखवलं.

पंडित — "ठीक. तुम्ही म्हणता तसं."

इतक्या सहज? झोंबलंच जरा.

शुक्रवार, ८ मार्च
जुन्या जागेवरून नव्या जागेत नक्कल करणारी माझी स्क्रिप्ट तिघांकडे चालवली. मग प्रोग्रॅम तयार करून पाहिला. तिन्हीकडे झाला. बाईंनी चहा मागवला.

पंडित हळूच म्हणाला, "जुनी प्रत जरा बाजूला ठेवून पाहू या का? मशीनला अजून तीच आधी सापडत असेल."

सगळ्यांसमोर! म्हटलं, "पंडित, तुम्ही हे वाचलंय. मी केलंय."

"बरं," म्हणाला.

सगळ्यांना मेल टाकला — सोमवारी आल्या आल्या जुन्या प्रती कायमच्या पुसा. दोन जागा राहिल्या, की पुन्हा घोळ.

रविवार, १० मार्च
जेवण गेलं नाही. पंडितचं ते वाक्य दाताखालच्या खड्यासारखं. ऑफिसात जाऊन पाहून यावं का? पण पाहायचं म्हणजे त्याचं ऐकायचं. नाही गेलो.

सोमवार, ११ मार्च
नव्या जागेत फोल्डर आहे. नाव बरोबर, लहान अक्षरांत. आत काहीच नाही. तिघांकडेही. शुक्रवारी जुन्याच प्रती चालल्या होत्या.

बाईंनी पुसली. पंडितने सर्वांच्या आधी पुसली — "तुम्ही म्हणालात ना."

माझी जुनी प्रत आहे. मी पुसली नव्हती.