अप्पांच्या गाडीची न निघणारी डिस्क

ती. दादास,

सा. न. यातलं साष्टांग अक्षरशः घ्यावं. तीन दिवस मी अप्पांच्या गाडीखाली आडवाच होतो (फक्त उताणा, तेवढी सूट द्यावी). तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींना नमस्कार. आई बरी आहे, म्हणजे जरा जास्तच बरी आहे, ते पुढे येईल.

रविवारी गाडीला गिऱ्हाईक घेऊन येतो, त्याआधी ब्रेकच्या जुन्या डिस्क काढून नव्या बसव, त्यात काय मोठंसं, असं तू फोनवर म्हणालास. चाक निघालं. डिस्क निघेना. गंजाने अशी चिकटली होती की तेल पाजलं, हातोडा चालवला, शिव्या दिल्या (आईला ऐकू जाणार नाहीत अशा), शेवटी हात टेकले. अप्पा असते तर म्हणाले असते, आधी पूस, मग ठोक. पण अप्पांना जाऊन आठ महिने झाले, आणि पुसायचा मला पहिल्यापासून कंटाळा.

ठोकाठोक ऐकून आई पहिल्याच दिवशी चहा घेऊन आली. दोन कप, त्यातला एक बिनसाखरेचा. तो तिने अप्पांच्या स्टुलावर ठेवला, "त्यांना म्हणावं, ऊन चढायच्या आत आटपा," एवढंच बोलली आणि आत गेली. मी पुन्हा गाडीखाली सरकलो. संध्याकाळी कप रिकामा होता. दादा, आठ महिन्यांत त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. तेव्हापासून रोज दोन कप येतात.

काल दुपारी मी हातोडा खाली ठेवून घाम टिपत होतो. तेवढ्यात डिस्कमधून टक टक टक असा आवाज आला. (तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे मलाही माहीत आहे. मी तापवलं नव्हतं.) आपलं चुकलं की अप्पा हातोडीच्या दांड्याने तीनदा वाजवून ती जागा दाखवायचे ना, अगदी तसाच. पुन्हा तिथेच, तीनदा. मग मुकाट्याने फडकं घेतलं आणि तेवढी जागा पुसली. गंजाखाली इवलासा स्क्रू होता. स्क्रूने आवळलेली डिस्क मी तीन दिवस बडवत होतो! तो काढला आणि डिस्क अलगद हातात आली. भीती वाटलीच, पण खरं सांगतो, त्याहून जास्त रडू आलं.

तुझा,
धाकटा

ता. क. तीच जुनी डिस्क परत चढवली आहे आणि स्क्रूही घट्ट आवळला आहे. गिऱ्हाइकाला कळव की ती काही केल्या निघत नाही. गाडी गेली तर आई कप कुणासाठी आणणार?

आणखी एक ता. क. दुसरा कप मीच संपवतो असं तुला वाटणार. पहिल्या दिवशी एक घोट घेऊन पाहिला, बिनसाखरेचा घशाखाली उतरेना, म्हणून तसाच झाकून ठेवला होता. रविवारी तू एकटाच ये. आई तुझाही चहा ठेवेल. फक्त स्टुलावरचा कप उचलू नकोस.